सव्वातीनच्या आत

समाधानचं नाव ज्यानं ठेवलं त्यानं त्याची थट्टाच केली होती. एवढा घाबरट माणूस त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. विंचवाच्या भीतीनं चपला झटकून पायात घालणारे पुष्कळ असतात. हा गडी त्या काढून ठेवतानाही झटकायचा. सहा वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून नोकरी काही हाती लागली नव्हती, पण माणूस कशाकशानं मरू शकतो याची यादी मात्र तोंडपाठ झाली होती. भूकंपाचे पट्टे, किरणोत्सर्ग, ओझोनचा थर, सगळं त्याच्या वहीत तारखेसह लिहिलेलं होतं.

आणि अशा माणसाला चार दिवसांपूर्वी मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून त्याची बायको माया केजला तिच्या आईकडे, छबुबाईंकडे होती. तिसऱ्या दिवशी लेक पिवळी पडली. तिथल्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. "निम्म्या बाळांना होते, घाबरायचं काही कारण नाही," असंही ते म्हणाले. घाबरायचं कारण नाही असं कुणी म्हटलं की समाधान हमखास घाबरायचा.

पाचवीला आत्यानं झबलं-टोपडं आणायचं असतं, म्हणून त्याची थोरली बहीण दीपमाला आदल्या संध्याकाळी पुण्याहून आली होती. आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर कडा गावच्या कारखान्याकडे गेलेले. घरात बहीणभाऊ दोघंच. ऊसतोड्याची ही पोर पुण्यात आकाशाचा अभ्यास करते एवढंच गावाला ठाऊक होतं. नेमकं काम असं: दूरवर कुठंतरी एखादा अजस्र तारा मरतो, नाहीतर दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, आणि त्यातून गॅमा किरणांचा एक लोट सुटतो. काही क्षणांचा खेळ. पृथ्वीवरची हवा ते किरण खाली येऊ देत नाही, म्हणून ते पकडायला दुर्बीण वर, अंतराळात ठेवावी लागते. दुर्बिणीला लोट लागला की ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर इशारा येतो. त्या माणसानं तपासायचं, की हा खरा लोट आहे, का सूर्याची उचकी, का यंत्राचीच खोडी. खरा असेल तर कोणत्या जातीचा, दोन सेकंदांहून आखूड का लांब. मग जगभर कळवायचं. या आठवड्यात ती ड्युटी दीपमालाची होती.

"अन् असला लोट जवळ फुटला तर?" समाधाननं जेवताना विचारलं होतं. हात धुवायच्या आधी वही काढून बसला होता.

दीपमालानं भाकरी मोडता मोडता रंगवून सांगितलं. आपल्याच आकाशगंगेत फुटला आणि तोंड नेमकं आपल्याकडे असलं, तर ओझोन उडून जाईल, पिकं करपतील, उघड्यावरची जिवंत चीज जगणार नाही. भावाचे डोळे मोठे होत गेले तसतसा तिला चेव चढला. असं कोट्यवधी वर्षांत एखाद्या वेळी होतं, हे ती शेवटी म्हणाली, पण तोवर समाधानच्या कानात काही शिरत नव्हतं. लहानपणी ती त्याला अंधाराची भीती घालायची. ती सवय डॉक्टरेट झाल्यावरही गेली नव्हती.

"आणि लोकांना कधी सांगतेत?"

"आधी आम्ही तपासतो. मगच सांगतो."

हे वाक्य समाधाननं वहीत नाही, मनात लिहिलं.

सकाळी पावणेनऊचा सुमार. दीपमाला न्हाणीत गेली होती. त्या घरात रेंज येते ती फक्त ओसरीच्या खिडकीत, म्हणून ड्युटीचा फोन तिनं खिडकीत चार्जिंगला लावला होता. तो एकदम सायरनसारखा वाजला. समाधानच्या हातातला चहा लुगड्याच्या जुन्या गोधडीवर सांडला.

पडद्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. गॅमा किरणांचा लोट. खात्री नव्वद टक्क्यांवर. वेळ ०३:१५. जागा ७६.०८, १८.७०. त्रिज्या ३.

हे आकडे दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांपुढून नुसते वाहून गेले असते. पण बीड जिल्हा साडेअठरा ते साडेएकोणीस अंश उत्तर आणि पावणेपंच्याहत्तर ते पावणेसत्त्याहत्तर अंश पूर्व, हा प्रश्न तीन परीक्षांना आला होता आणि तिन्ही वेळा समाधाननं बरोबर सोडवला होता. आकड्यांचा क्रम उलटा होता खरा. परदेशी लोक उलटं लिहीत असतील, असं म्हणून त्यानं तो सुलटा केला आणि आपल्या फोनवरच्या नकाशात टाकला.

लाल टाचणी केजवर पडली.

त्यानं बोटांनी नकाशा मोठा केला. बसस्थानक, बाजार, आणि मायाचा दवाखाना टाचणीपासून नखभर अंतरावर. तो खिडकीचा गज धरून उभा राहिला. सव्वातीन म्हणजे आज दुपारी. त्रिज्या तीन म्हणजे तीन किलोमीटर. हातात साडेसहा तास होते.

न्हाणीचं दार दहा पावलांवर होतं. तिथं जाऊन विचारावं असं त्याच्या मनात आलंही. पण आधी तपासतो, मगच सांगतो, असं तीच म्हणाली होती. ती तपासणार, पुण्याला विचारणार, पुणेवाले दिल्लीला विचारणार. धरणाचं पाणी सोडल्याचा भोंगासुद्धा या मुलखात पाणी दारात आल्यावर वाजतो. त्यानं मायाला फोन लावला.

"माया, बोलू नको, नुसतं ऐक. लेकराला घे अन् केज सोड. आत्ताच्या आत्ता."

"कावून? काय झालं?"

"आभाळातून किरण पडणार हायेत. सव्वातीनला, केजवरच. ताईच्या फोनवर आलंय, उपग्रहाचं."

"अवो, पण बाळ दिव्याखाली हाय. डॉक्टर म्हणले, पाजण्यापुरतंच काढायचं."

"डॉक्टरला म्हाईत न्हाई आजून. कुणालाच म्हाईत न्हाई. मामीकडं दे फोन."

छबुबाईंनी फोन घेतला. जावयाशी बोलताना त्या फोनवरसुद्धा डोक्यावरचा पदर सारखा करत. आयुष्यात त्यांनी जावयाचा शब्द एकदाही खाली पडू दिला नव्हता. त्यातून हा जावई एवढी पुस्तकं वाचलेला. आणि त्या निळ्या दिव्याचा त्यांना पहिल्यापासूनच संशय होता. चार दिवसांचं लेकरू उघडंनागडं करून त्याच्यावर कसलेसे किरण सोडायचे, हे त्यांच्या बुद्धीला पटलेलं नव्हतं.

"मामी, कसलाच उजेड लेकराला लागू देऊ नका. लांब जा, बीडच्या पल्याड. सव्वातीन होऊस्तोर उघड्यावर काढू नका. अन् फोन बंद करा, किरण फोनवर वढले जातेत."

हे शेवटचं कुठून आलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. कधीतरी व्हॉट्सॲपवर वाचलं होतं.

"बरं, जावईबापू," छबुबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

दीपमाला केस पुसत बाहेर आली तेव्हा नऊ वाजत होते. समाधाननं तिच्यापुढे फोन धरला.

"आरं, लई भारी लोट दिसतोय," ती वाचता वाचता म्हणाली. "खरा असणार."

"केजवर पडतोय, ताई."

तिला कळलंच नाही. त्यानं नकाशा दाखवला तेव्हा कळलं आणि ती हसायला लागली. "येड्या, हे आकडे जमिनीवरचे न्हाईत. आभाळातले हायेत. आभाळाला पण अशाच आडव्या-उभ्या रेघा मारल्यात. ही जागा रोहिणी नक्षत्राच्या शेजारची. त्रिज्या बी आभाळातलीच. अन् वेळ लंडनकडली. आपल्याकडं तेव्हा पावणेनऊ झालते. लोट येऊन गेला बी, समाधान. तू चहा पीत होतास तेव्हाच गेला. वरच्या हवेनं सगळा अडवला. तो निघाला तेव्हा बहुतेक आपली पृथ्वीसुद्धा झाली नव्हती."

समाधानचं तोंड बघून तिचं हसू हळूहळू ओसरलं.

"कुणाला सांगितलंस?"

त्यानं सांगितलं. तिनं मायाचा नंबर लावला; बंद. पुन्हा लावला; बंद. दवाखान्याचा नंबर दोघांकडेही नव्हता. मघाचं भय समाधानला आता सोपं वाटायला लागलं. त्या भयात त्याची काही चूक नव्हती.

मोटारसायकलवर केज अर्ध्या तासाचं. त्या अर्ध्या तासात तो एकच गोष्ट घोकत होता, की डॉक्टरांनी त्यांना अडवलं असेल. दवाखान्याच्या दारातच त्याला कळलं की नाही अडवलं. निळा दिवा जळत होता आणि त्याच्याखाली नुसतं दुपटं होतं. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर एका अडलेल्या बाईकडे होते. सिस्टर औषधं आणायला वळल्या, तेवढ्यात आजी लेक आणि नात घेऊन गेल्या होत्या. चपलाही राहिल्या होत्या मायाच्या.

डॉक्टर खाली आले. रागावलेले नव्हते, आणि त्यामुळेच समाधान जास्त घाबरला.

"सकाळी रक्तात एकोणीस होती," ते म्हणाले. "वाढत चालली आहे. वीस-पंचवीसच्या पुढे गेली तर ती मेंदूत उतरते. मूल सुस्तावतं, ओढत नाही, अंग सैल सोडतं. पुढे कान जाऊ शकतात. जीवही जाऊ शकतो. हा दिवाच तिचं औषध होता. कुणी न्यायला सांगितलं?"

समाधाननं त्या रिकाम्या दुपट्याकडे पाहिलं. "मी," तो कसाबसा म्हणाला.

"मग तुम्हीच शोधा. आणि जवळ जे मुलांचं रुग्णालय असेल तिथं न्या, इथंच आणायला हवं असं नाही. पण आज दुपारच्या आत."

जीपच्या अड्ड्यावर एका पानवाल्यानं सांगितलं, बाळंतीण आणि म्हातारी धर्मराजच्या जीपमध्ये बसल्या, बीडकडे. आणखी काही कळायचा मार्ग नव्हता. दोघं निघाली. वाटेत दीपमालाचा फोन सारखा वाजत होता. नेकनूरच्या अलीकडे तिनं गाडी थांबवायला लावून एकदा तो उचलला. पुण्याहून तिचे वरिष्ठ विचारत होते, तास होऊन गेला, जगातल्या दुर्बिणी तिकडे वळवायच्या का नाही, लोट लांब आहे का आखूड.

"मी पाहिलेला नाही, सर," ती म्हणाली. "माझ्याकडून नाही होणार आज. ड्युटी दुसऱ्या कुणाला द्या." तिकडून काही विचारलं गेलं. "घरी लहान मूल आहे," एवढंच तिनं उत्तर दिलं आणि फोन ठेवून दिला. ती परत मागच्या सीटवर बसली. मग भावाच्या पाठीला डोकं टेकून म्हणाली, "काल रात्री मी तुला उगंच भेवडावलं."

समाधाननं ऐकलं, पण त्याला रागवायलाही फुरसत नव्हती. रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये तो डोकावून पाहत होता. मांजरसुंब्याच्या फाट्यावर धर्मराजची जीप परत येताना सापडली. धर्मराज खिडकीतून मान काढून निवांत म्हणाला, "त्या होय? बीडला उतरल्या. नारायणगडाच्या देवळात जायला रिक्षा मिळंल का, इचारत होत्या. म्हातारी लई भ्यालेली. लेकरू अख्खं गोधडीत गुंडाळलेलं, नाकसुदिक दिसत नव्हतं."

"रडत होतं का?" समाधाननं विचारलं.

"न्हाई बा. एकदा बी न्हाई. लई गुणाचं लेकरू."

चार दिवसांचं लेकरू तासभर जीपमध्ये धक्के खातं आणि एकदाही रडत नाही, यातला गुण समाधानला कळला.

बीडच्या रिक्षावाल्यांना विचारत विचारत गडावर पोचायला एक वाजून गेला. मंदिरात नव्हत्या. ओसऱ्या पाहिल्या, स्वयंपाकघराच्या मागं पाहिलं. शेवटी एका झाडलोट करणाऱ्या बाईनं भक्तांच्या खोल्यांतलं कोपऱ्यातलं दार दाखवलं. दार आतून बंद. खिडकीला आतून लुगडं लावलेलं.

"मामी, मी समाधान."

कडी निघाली. आत काळोख. माया भिंतीला टेकून बसली होती, डोळे रडून सुजलेले. छबुबाई कोपऱ्यात, मांडीवर गाठोडं. जावयाला पाहून त्यांनी पदर ओढला आणि सरकून आणखी कोपऱ्यात गेल्या.

"पीत न्हाई ओ," माया म्हणाली. "सकाळधरनं तोंडात देतीया, ओढतच न्हाई. झोपूनच हाय."

"आण इकडं," दीपमाला पुढं झाली. "आत्ता बीडला न्यायचं, दिव्याखाली ठेवायचं."

छबुबाईंनी गाठोडं छातीशी धरलं. "ताई, तुमचं बरूबर असंल. पर जावईबापूंनी सव्वातीन सांगितलंय. आजून दोन तास हायेत. मी न्हाई काढू द्यायची."

"मामी, मी चुकलो."

"तुमी कसं चुकचाल? तुमी शिकल्याले."

"मला वाचता आलं न्हाई, मामी. इंग्रजीच्या चार वळी होत्या. मी आकडे उलटे केले. ताई न्हाणीत होती, तिला इचारायला धा मिन्टं दम धरला न्हाई. किरण न्हाईत, काय न्हाई. सगळं माझ्या डोक्यातलं."

छबुबाईंना वाटत होतं, बहिणीनं दटावल्यामुळे जावई शब्द फिरवतोय. सकाळचा त्याचा आवाज त्यांनी कानानं ऐकला होता. एवढं भ्यालेलं माणूस खोटं बोलत नसतं, हे त्या साठ वर्षांत शिकल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि गोधडीचं टोक बाळाच्या तोंडावर आणखी ओढलं.

तेव्हा समाधाननं आयुष्यात कधी केलं नसतं ते केलं. तो सासूपुढे गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या मांडीवरून गाठोडं उचलून घेतलं. छबुबाईंच्या हातांना ताकद होती, पण जावयाच्या अंगाला हात लावायचा नाही ही सवय त्याहून जुनी होती. हात आपोआप सुटले. तो दार ढकलून भर उन्हात अंगणात गेला. एक गोधडी टाकली, दुसरी टाकली, आतलं दुपटं उलगडलं आणि उघडं लेकरू दोन्ही हातांवर घेऊन आभाळाखाली उभा राहिला. त्याला सगळं कळलं होतं, बहिणीनं सगळं समजावलं होतं, तरी वर बघायची त्याची छाती होत नव्हती.

मागून छबुबाई अनवाणी धावत आल्या. पदर फाकून त्यांनी बाप-लेकीवर धरला आणि तशाच थबकल्या. खोलीतल्या काळोखात त्यांना काही दिसलं नव्हतं. आता उन्हात दिसलं. लेकरू हळदीत बुडवून काढल्यासारखं झालं होतं. पोट, पाय, तळपायसुद्धा पिवळे. त्यांनी अंगठ्यानं एक पापणी वर केली. आतला पांढरा भागही पिवळा. हात उचलून सोडला, तो तसाच खाली पडला.

"अगं माझे आई," छबुबाई हळूच म्हणाल्या. "मी हिला झाकून ठिवली."

"तुमी न्हाई, मामी. मी."

"चला," त्यांनी स्वतःच म्हटलं. मायाला हाताला धरून उठवायला त्या आत वळल्यासुद्धा.

गडावरून एका भाविकाची गाडी खाली चालली होती. त्यानं चौकशी न करता सगळ्यांना आत घेतलं. रस्ताभर समाधान मुलीच्या छातीवर बोटं ठेवून बसला होता. श्वास होता. मधेच जरा थांबल्यासारखा वाटायचा आणि समाधानचाही थांबायचा. माया बोटानं दुधाचे थेंब ओठांवर लावत होती. ते ओघळून जात होते.

बीडच्या रुग्णालयात रक्त काढलं. चोवीस. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजूंनी दिवे लावायला सांगितले, सलाईन सांगितलं, आणि चार तासांत उतरली नाही तर अंगातलं रक्त बदलावं लागेल, तयारीत राहा, म्हणाल्या. मुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. मग सिस्टर म्हणाली, "ठेवा तिला खाली."

समाधाननं भिंतीकडे पाहिलं. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

त्याचे हात जागच्या जागी अडकले. निळा उजेड त्याच्या मनगटांवर पडला होता. छबुबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनीही घड्याळ पाहिलं होतं. एका क्षणापुरतं समाधानला वाटलं, की ताईचंच चुकलं असलं तर, आपण पहिल्यांदा वाचलं तेच खरं असलं तर. मग त्यानं डोळे मिटले आणि मुलीला त्या उजेडात ठेवलं.

काही झालं नाही. पंखा फिरत राहिला.

संध्याकाळी रक्त बदलायची वेळ आली नाही. आकडा एकवीसवर आला होता. रात्र बाकावर गेली. पहाटे दीपमाला चहाचे कप घेऊन आली आणि भावाशेजारी बसली.

"कालचा तो इशारा खरा होता का गं?" त्यानं विचारलं.

"खरा होता. चाळीस सेकंदांचा, लांब जातीचा. एखादा मोठा तारा गेला." तिनं चहा फुंकला. "दुसऱ्या पोरीनं तपासला, तिच्या नावानं जगभर गेला. आमच्याकडं आधी खरं-खोटं बघायचं, मग जात ठरवायची, मग सांगायचं असतं. तू सांगण्यापासून सुरुवात केलीस."

"तुला वाईट वाटलं आसंल. तुझा लोट गेला."

"रोज एखादा येतोच," ती म्हणाली, पण कप तिनं खूप वेळ ओठांना लावला नाही.

नऊ वाजता डॉक्टरीणबाई आल्या. सोळा. धोक्याच्या खाली. माया रडायला लागली. समाधाननं सुस्कारा सोडायच्या आधीच विचारलं, "आणि कान?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी तपासणी करू. एवढ्या वर गेली होती, थोडी भीती राहणारच."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. समाधान दिव्याजवळ बसून राहिला. मुलगी आता मूठ चोखत होती, पण त्याचं लक्ष तिच्या कानांवर होतं. एवढेसे कान, पाकळ्यांसारखे दुमडलेले. त्यानं हळूच चुटकी वाजवली. काही नाही. टाळी वाजवावी, तर हात उचलेना. नाहीच ऐकू आलं तर, या भीतीनं तो टाळीसुद्धा वाजवत नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यात वॉर्डाचं काम करणाऱ्या मावशीच्या हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. अख्खा वॉर्ड हादरला. समाधान स्टुलावरून हातभर उडाला, आणि त्याच क्षणी दिव्याखाली मुलीनं दोन्ही हात फाकून हवेत फेकले, बोटं ताणली आणि घसा फोडून रडायला लागली.

छबुबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पदर तोंडाला लावला.

"बापावर गेलीया," त्या म्हणाल्या.

समाधानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशी वाकून ट्रे उचलत होती, चारचौघांत चूक झाली म्हणून ओशाळलेली. तो तिच्याकडे गेला.

"मावशी," तो म्हणाला, "परत एकदा पाडता का?"